गोल्फच्या ज्युनियर सेटवरून मोठ्यांच्या सेटवर : एका तेरा वर्षांच्या मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तन्मय (नाव बदललंय, घरच्यांना विचारूनच लिहितोय) पुण्यात माझ्याकडे नऊ वर्षांचा असल्यापासून गोल्फ शिकतोय. घरात खेळ आधीपासून आहे. बाबा नोकरी सांभाळून रविवारी सकाळी खेळतात, आजोबा आर्मीतून रिटायर झालेले, ते अजूनही नऊ होल चालत खेळतात. त्यामुळे पोराच्या हातात क्लब (बॉल मारायची काठी) लवकर आला आणि मुख्य म्हणजे योग्य साइजचा आला. चांगल्या कंपन्या ज्युनियर सेट वयावर नाही, उंचीवर देतात, यूएस किड्स या कंपनीचं तर दर तीन इंच उंचीला एक साइज असं आहे. तन्मयचे आधीचे सेट तसेच झाले, एक लहान पडला की विकायचा आणि त्यात थोडे पैसे घालून पुढचा घ्यायचा.

सातवीची परीक्षा संपली त्या मार्चमध्ये त्याची उंची होती १५५ सेंटीमीटर, हातात ६० इंच उंचीच्या मुलासाठीचा सेट, आणि सगळं मस्त चाललं होतं. त्या सेटमधली सात नंबर आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) साधारण साडेचौतीस इंच लांब, हलकी ग्राफाइट शाफ्ट (क्लबची दांडी), आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन भरलं ३३५ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच येणार आहे.

अडचण

मुलांची उंची साधारण तेरा-चौदाच्या आसपास एकदम सुटते, त्या एका वर्षात आठ-दहा सेंटीमीटर वाढणं अगदी नॉर्मल आहे. तन्मयचंही तेच झालं, पण कोणाच्या लगेच लक्षात आलं नाही कारण मध्ये पावसाळा आला. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) इतके ओले असतात की बॉल पडतो तिथेच रुततो, रोल शून्य, सगळ्यांचंच अंतर कमी होतं. मग याचं कमी झालं तर घरी सगळे म्हणाले पाऊस आहे, ऑक्टोबरमध्ये येईल परत.

पण रेंजवर (सरावाच्या जागी) अंतर मोजणारा मॉनिटर लावून कॅरी बघितला, म्हणजे बॉल हवेत किती जातो तेवढंच, तेव्हा दिसलं की पाच सेंटीमीटर उंच झालेला, खांदे रुंद झालेला मुलगा सात नंबर आयर्न तेवढीच १०५ यार्ड मारतोय जेवढी मार्चमध्ये मारायचा. कॅरीला ओल्या जमिनीचा संबंध नाही. बॉल उंच जाऊन डावीकडे मरत होता, कारण शाफ्ट आता त्याच्या वेगाला फारच मऊ पडत होती. आणि उभा राहायचा कसा, तर गुडघे जास्त वाकवून, मान खाली घालून, बॉलपर्यंत पोचायला धडपडत. क्लबफेसवर (बॉलला लागतो त्या सपाट भागावर) स्टिकर लावून बघितलं तर निम्मे फटके टोकाकडे.

त्यातच गणपतीला न्यूजर्सीचे काका आले आणि प्रेमाने पुतण्यासाठी मोठ्यांचा अख्खा सेट विमानातून घेऊन आले. बॅग, ड्रायव्हर आणि वुड (लांब फटक्याचे), हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधला), स्टीलच्या आयर्न, सँड वेज (वाळूतून बॉल काढायचा), पटर, सगळं. मुलगा हरखून गेला, साहजिकच आहे. दुसऱ्या दिवशी तो त्याच सेटने रेंजवर, आणि दहा-बारा दिवसांत कंबर दुखायला लागली.

इथे एक स्पष्ट सांगतो, कंबर फक्त क्लबमुळे दुखली असं मी म्हणणार नाही. या वयात हाडं आधी लांब होतात आणि स्नायू मागून येतात, शरीर आखडलेलं असतं, त्यात तो सुट्टीच्या दिवशी दोन-अडीचशे बॉल मारत होता. आईने फिजिओकडे नेलं, त्यांनी तीन आठवडे बॉल कमी करायला आणि हिपचे व्यायाम करायला सांगितलं. पण काकांची सात नंबर काट्यावर ठेवली तर ४२५ ग्रॅम. नव्वद ग्रॅमचा फरक, आणि तो साडेचौतीस ऐवजी सदतीस इंच लांबीच्या टोकाला. फटका मारताना क्लबचं डोकं मागे राहायचं, फेस उघडा राहायचा, मग बॉल उजवीकडे जाऊ नये म्हणून मनगटाने ओढायचा. हे वळण एकदा बसलं की काढायला वर्ष जातं.

समोर असलेले पर्याय

दसऱ्याच्या सुमारास आई, बाबा, आजोबा आणि मी असे बसलो आणि सगळे पर्याय मांडले.

पहिला, ज्युनियरमधलाच पुढचा साइज घ्यायचा. वजन बरोबर, लांबी बरोबर, कंबरेला त्रास नाही. पण तो ज्या वेगाने वाढत होता त्यात सेट सात-आठ महिन्यांत लहान पडणार, आणि शाफ्ट मऊच राहणार. त्याची स्विंग तोवर बरीच जोरात झाली होती. आईला हा पर्याय सगळ्यात सुरक्षित वाटत होता आणि एखादा सावकाश वाढणारा, बारीक अंगाचा मुलगा असता तर मीही हाच म्हटला असता.

दुसरा, काकांचा सेट तसाच चालू ठेवायचा, होईल सवय. बाबा इकडे झुकत होते, कारण एक तर पैसे लागत नाहीत आणि भावाने एवढ्या लांबून आणलेला सेट माळ्यावर टाकायचा कसा. हा मुद्दा मी हलका समजत नाही, घरात हे खरंच अडचणीचं असतं.

तिसरा आजोबांचा, की बाबांच्या जुन्या आयर्न दीड इंच कापून द्या, आमच्या वेळी असंच करायचे. आपल्याकडे सगळ्यात जास्त होतं ते हेच, म्हणून यावर जरा बोलतो. मोठ्यांची स्टीलची आयर्न कापली की चार गोष्टी एकदम होतात. लांबी कमी होते, ती हवीच होती. पण शाफ्ट आणखी कडक होते, आणि बाबांच्या आयर्न आधीच स्टिफ. लाय (शाफ्ट आणि जमीन यांतला कोन) सपाट पडते, म्हणजे क्लब जमिनीवर ठेवला की हवा तसा बसत नाही आणि बॉल उजवीकडे जायला लागतो. स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड लागतं त्याचं माप) पडतं, अर्ध्या इंचाला साधारण तीन पॉइंट, म्हणजे दीड इंचाला नऊ, आणि मग डोकं कुठे आहे ते हाताला कळतच नाही. आणि एवढं सगळं होऊनही एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं, कारण शाफ्ट मुळातच जड आहे. त्या जुन्या शाफ्ट एकेक १२५-१३० ग्रॅमच्या होत्या, दीड इंच कापून त्यातले पाच-सहा ग्रॅम जातात फक्त. म्हणजे छोटी पण जड आणि कडक काठी, ज्या पोराला लांब, हलकी आणि थोडी मऊ हवी आहे त्याच्या हातात.

चौथा पर्याय लेडीज सेटचा. कागदावर हा छान बसत होता, ग्राफाइट शाफ्ट, सात नंबर ३६ इंचाच्या आसपास, हलका. तन्मयने तोंड पाडलं. आई म्हणाली, "अरे बॉलला काय कळतंय कोणाचा सेट आहे?" तर तो म्हणाला, "बॉलला नाही, मित्रांना कळतं." तेराव्या वर्षी हे खरं कारण आहे, मी ते खरंच धरलं. जो क्लब बॅगेतून काढायला मुलाला लाज वाटते तो तो नीट वापरत नाही. शिवाय त्याचा वेग बघता एल फ्लेक्स (लेडीज सेटची मऊ शाफ्ट) लवकर मऊ पडली असती.

पाचवा मधेच सुचला. आमच्या कोर्सवरच सत्तरी पार केलेले एक मेंबर खांदा दुखतो म्हणून सीनियर फ्लेक्सचा ग्राफाइट सेट विकत होते. सीनियर फ्लेक्स म्हणजे ए फ्लेक्स, एल (लेडीज) आणि आर (रेग्युलर) च्या मधली, शाफ्ट साठ-पासष्ट ग्रॅम, डोकं मोठं, माफ करणारं. बाहेरून बघितलं तर काळाभोर साधा पुरुषांचा सेट. वाढत्या मुलांसाठी हा पर्याय दुकानात कोणी सुचवत नाही कारण त्यावर सीनियर लिहिलेलं असतं, पण सत्तर वर्षांच्या माणसाला आणि चौदा वर्षांच्या मुलाला क्लबकडून पाहिजे ते पुष्कळसं सारखंच असतं, कमी वजनात उंच जाणारा बॉल.

निर्णय कसा घेतला

उंचीवर नाही घेतला. उंचीबरोबर मनगट ते जमीन हे अंतर मोजलं, बूट घालून, हात सैल सोडून सरळ उभं करून. मार्चपासून उंची वाढली होती साडेपाच सेंटीमीटर पण मनगट ते जमीन वाढलं होतं जेमतेम अडीच, कारण पाय वाढले तसे हातही वाढले. नुसता उंचीचा तक्ता बघून क्लब घेतला असता तर गरजेपेक्षा लांब आला असता. त्या वेळच्या मापाला सात नंबर साधारण साडेछत्तीस इंच बसत होती.

मग वजनाची परीक्षा. क्लब एकट्या डाव्या हातात ग्रिपच्या टोकाला धरून हात समोर सरळ, खांद्याच्या उंचीवर, तीस सेकंद. ज्युनियर क्लब त्याने आरामात धरला, सीनियर ग्राफाइट धरला पण शेवटी थोडा थरथरला, काकांचा स्टीलचा बारा-पंधरा सेकंदांत खाली यायला लागला. त्यापेक्षा महत्त्वाची दुसरी परीक्षा, चाळीस बॉल मारायचे आणि पहिल्या दहाची शेवटच्या दहाशी तुलना करायची. स्टीलच्या सातने पहिले दहा खरं तर सगळ्यात लांब गेले, बाबा खूश झाले, आणि शेवटचे दहा कुठेही. दुकानात पाच-सहा बॉल मारून सेट घेतला की लोक फसतात ते इथेच, अठरा होलच्या सोळाव्या होलवर मुलगा कसा मारेल ते त्या पाच बॉलमध्ये दिसत नाही.

ठरलं असं की सीनियर सेट बावीस हजारात घ्यायचा आणि बॅग एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलायची, आधी वजन वाढवायचं, मग लांबी. काकांचा सेट टाकायचा नाही, जसजसा मुलगा मोठा होईल तसतसे त्यातले क्लब आत येतील.

काय केलं

पहिला क्लब जो बॅगेत गेला तो काकांचाच, सँड वेज. स्टीलचा, जड, पण वेजने पूर्ण जोरात मारायचं नसतंच, पटर सोडला तर लांबी सगळ्यात कमी असते आणि बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जड डोकं उलट मदत करतं. तन्मयने पहिल्याच आठवड्यात बंकरमधून बॉल काढतानाचा व्हिडिओ काकांना पाठवला आणि घरातला ताण निम्मा तिथेच संपला.

सीनियर आयर्न ग्रिपकडून पाऊण इंच कापल्या. हे घरी करणाऱ्यांसाठी सांगतो, ग्राफाइट पाइप कटरने कापू नका, तुकडे उडतात, चिरा जातात. कापायच्या जागी मास्किंग टेप घट्ट गुंडाळायची आणि बारीक दात्यांच्या हॅकसॉने शाफ्ट फिरवत फिरवत हळू कापायची, तोंडावर मास्क बांधून. स्विंगवेट डी-० वरून सी-५, सी-६ च्या आसपास आलं, या वयाला अगदी ठीक. कापलेली सात नंबर भरली ३७० ग्रॅम, म्हणजे ज्युनियरपेक्षा ३५ ग्रॅम जास्त, स्टीलपेक्षा ५५ कमी.

लाय बघायला मार्करची युक्ती केली. बॉलवर जाड उभी रेघ मारायची, ती क्लबफेसच्या बाजूला ठेवून फटका मारायचा, रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा खोबणींना काटकोनात असेल तर लाय बरोबर. तन्मयचा ठसा वरच्या बाजूला किंचित टाचेकडे (शाफ्टच्या बाजूला) झुकत होता, म्हणजे क्लब थोडा सपाट पडत होता, पाऊण इंच कापल्यावर तसं होणारच. अजून वाढणार आहे, लांबी परत येणार आहे, म्हणून वाकवायच्या भानगडीत पडलो नाही.

सगळ्यात मोठा वाद नोव्हेंबरमधल्या ज्युनियर स्पर्धेवरून झाला. तीन आठवडे राहिले होते, नवीन आयर्न हातात होत्या आणि त्याला त्याच न्यायच्या होत्या. मी नाही म्हटलं. जुना ज्युनियर सेट आणि फक्त नवीन सँड वेज एवढंच न्यायचं ठरलं, कारण जुन्याची अंतरं त्याला पाठ होती आणि नव्याची कुणालाच माहीत नव्हती. सराव मात्र आठवड्यातून तीन दिवस नव्याने, दर वेळी साठच बॉल. तो नाराज झाला, दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. बाबांनी साथ दिली म्हणून निभावलं.

आणि अंतरांचं खरंच तसं निघालं. ज्युनियर सातचा लॉफ्ट (फेस मागे झुकण्याचा कोन) ३५ डिग्रीच्या आसपास, सीनियर सेटच्या सातचा ३१. क्लबवर आकडा तोच पण काम जुन्या सहाचं. आजकाल मोठ्यांच्या सेटमध्ये लॉफ्ट असेच ताकदवान, म्हणजे कमी केलेले असतात, त्यामुळे पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब) ४५ ची आणि सँड वेज ५६ ची, मधे अकरा डिग्रीची दरी. ज्युनियर सेटमध्ये त्याला हे कधी भेटलंच नव्हतं. नव्वद यार्ड पिचिंग वेज, साठ यार्ड सँड वेज, आणि पंच्याहत्तर यार्डावर हातात क्लबच नाही, नेमकं तिथूनच या वयाची मुलं सगळ्यात जास्त खेळतात. जानेवारीत ५० डिग्रीची एक वेज घेतली तेव्हा ते भरलं. १४ क्लब ही कमाल मर्यादा आहे, तेवढे असलेच पाहिजेत असं काही नाही, तन्मयची बॅग तेव्हा दहा क्लबची होती आणि पाच नंबर आयर्न मी काढूनच टाकली होती, तिच्या जागी काकांच्या सेटमधला हायब्रिड, ग्रिप एक इंच खाली पकडून. कुठे पकडायचं ते कळावं म्हणून ग्रिपवर पांढरी टेप.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. त्याला तोच पहिला हवा होता. मोठ्यांचा ड्रायव्हर वजनाला तीनशे ग्रॅमच्या आसपास असतो, हलकाच, त्यामुळे चालेल असं वाटतं, पण ४५ इंचांच्या पुढची लांबी ज्याची उंची दर महिन्याला बदलतेय त्याला सांभाळत नाही. जानेवारीपासून टी-शॉट (होलचा पहिला फटका) पाच वुडने, आणि परीक्षा संपल्यावर मेच्या सुट्टीत काकांच्या ड्रायव्हरला ५० ग्रॅमची हलकी शाफ्ट घालून ४४ इंचावर आणला.

काय झालं

जानेवारीत उंची १६४ होती, सीनियर सात नंबरचा कॅरी १२२ यार्ड. यातला बराचसा वाटा लॉफ्टचा आहे, सगळं श्रेय फिटिंगला देणं चुकीचं होईल. मला जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे शेवटचे दहा बॉल आता पहिल्या दहाच्या आसपासच पडतात. उभं राहणं सुधारलं, मान वर आली. कंबर डिसेंबरपासून दुखलेली नाही, पण त्यात बॉल कमी केल्याचा आणि फिजिओंच्या व्यायामाचा वाटा क्लबइतकाच आहे.

पुढच्या जूनमध्ये उंची १७० च्या जवळ गेली तेव्हा कापलेला पाऊण इंच एक्स्टेंडर घालून परत आणला. ग्रिप काढायची, शाफ्टच्या वरच्या तोंडात एक्स्टेंडर इपॉक्सीने बसवायचा, एक दिवस सुकू द्यायचा, नवीन ग्रिप चढवायची. लायचा ठसाही आपोआप सरळ झाला. आता तो पंधरा वर्षांचा आहे आणि त्याच आयर्न खेळतोय. शाफ्ट आता थोडी मऊ वाटायला लागलीय, तेही बॉलच्या उंचीवरून दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

मोजमाप मार्चपासूनच दर महिन्याला व्हायला हवं होतं. आता माझ्याकडे येणाऱ्या बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक मुलाची उंची आणि मनगट ते जमीन हे अंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी वहीत जातं, दोन मिनिटांचं काम आहे, पावसाळ्यात नेमकं दिसत नाही ते त्यात दिसतं.

ग्रिपचे पैसे दोनदा गेले. कापल्यावर लगेच पुरुषांच्या स्टँडर्ड ग्रिप चढवल्या गेल्या, त्याच्या बोटांना त्या जाड, तो आवळून धरायला लागला, मग दीड महिन्यात अंडरसाइज घालाव्या लागल्या. पन्नासची वेजही सेटबरोबरच घ्यायला हवी होती, सगळे लॉफ्ट खरेदीच्या दिवशीच कागदावर मांडले असते तर ती दरी तिथेच दिसली असती.

मुलींच्या आईबाबांसाठी एक वेगळं सांगायचंय, कारण हे प्रकरण वाचून त्यांनी हेच वेळापत्रक धरू नये. मुलींची उंची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी वाढते. तेरा-चौदाव्या वर्षी बऱ्याच मुलींची वाढ संपत आलेली असते, तिथे टप्पे पाडून, कापून, परत लांब करून खर्च वाढवण्यात अर्थ नाही, मनगट ते जमीन अंतर तीन-चार महिने स्थिर दिसलं की सरळ मापाचा हलका ग्राफाइट सेट घ्यावा, लेडीज असो की सीनियर.

राहिला प्रश्न काकांच्या स्टील आयर्नचा. तन्मय दर दोन महिन्यांनी त्यातली सात नंबर घेऊन चाळीस बॉलची परीक्षा देतो. मागच्या वेळी बत्तीसाव्या-तेहतिसाव्या बॉलपासून डावी-उजवी सुरू झाली, आधी ती विसाव्यालाच व्हायची. बाबांचं म्हणणं दिवाळीपर्यंत होईल, माझ्या मते दहावीची परीक्षा होईपर्यंत थांबावं, कारण त्या वर्षात सराव कमी होणार आणि कमी सरावात वजन वाढवायचं नसतं.